जुवारीकाठचे बाकीबाब आणि आपली मराठी

गेल्या पावसाळ्यात डिचोली तालुक्यातील एका गावी मराठी राजभाषेसंबंधी छोटीशी बैठक होती. देवळाच्या अग्रशाळेत तीस-चाळीस माणसे जमली होती. भिंतीला टेकवून चार तसबिरी मांडल्या होत्या, त्यांत एक कविवर्य बा. भ. बोरकरांची होती. बैठक संपत आली तेव्हा कॉलेजात शिकणारा एक मुलगा उठला. त्याने विचारले की, ज्या कवीला साहित्य अकादमीचा पुरस्कार कोकणी पुस्तकासाठी मिळाला, त्याची तसबीर मराठीच्या बैठकीत कशासाठी? क्षणभर कोणीच बोलेना. शेवटी सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळल्या, कारण मी मास्तर. मी दोन वाक्यांत काहीतरी वेळ मारून नेली. त्या मुलाचे समाधान झाले नाही आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही.

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर दोन वाक्यांत बसणारे नाही, ते बोरकरांच्या आयुष्यात आहे. म्हणून भाषा अंकाच्या निमित्ताने ते आयुष्य सीमाभागातील वाचकांपुढे थोडक्यात मांडावे, असे मनात आले. त्यांच्या कवितेची एकही ओळ येथे देत नाही. ओळी ज्याने-त्याने पुस्तक उघडून वाचाव्यात.

नदीच्या काठचे घर

बाळकृष्ण भगवंत बोरकर यांचा जन्म ३० नोव्हेंबर १९१० रोजी दक्षिण गोव्यातील कुडचडे येथे झाला. घराणे मात्र फोंडा तालुक्यातील बोरी गावचे; आडनावही गावावरूनच आलेले. गोव्यात त्यांना बाकीबाब म्हणत आणि आजही म्हणतात. बाकी हे बाळकृष्णाचे घरगुती रूप आणि बाब हा आपल्याकडचा आदराचा शब्द. एवढ्या मोठ्या कवीला लोकांनी घरच्या नावाने हाक मारावी, यातच त्यांचे आणि गोमंतकीयांचे नाते कळते.

बोरी जुवारी नदीच्या काठी आहे. मागे सिद्धनाथाचा डोंगर, गावात नवदुर्गेचे देऊळ, उतारावर माडापोफळींची कुळागरे आणि पायथ्याशी नदी. जुवारी ही आपल्या घाटमाथ्यावरच्या नद्यांसारखी एकाच दिशेने वाहत जाणारी नदी नव्हे. समुद्राची भरती तिच्यात आत खोलवर शिरते. दिवसातून दोनदा पाणी वर चढते, दोनदा खाली उतरते. काठची खाजन शेते बांध घालून राखावी लागतात आणि मानशीची दारे भरती-ओहोटीच्या वेळा पाहूनच चालतात. अशा गावातला मुलगा घड्याळ शिकण्याआधी पाण्याची वेळ शिकतो. बोरकरांच्या कवितेत पुढे जी लय आली, जो चढ-उतार आला, त्याचे पहिले धडे त्यांना या नदीने दिले असे म्हटले तर वावगे होणार नाही.

तेरेखोलच्या किंवा शापोऱ्याच्या काठी राहणाऱ्या पेडणेकरांना हे वेगळे सांगायला नको. त्यांच्याही नद्यांना भरती येते, त्यांच्याही काठाला खाजने आहेत.

घरात कोकणी, देवळात मराठी

आता भाषेकडे वळू. बोरकरांच्या घरात आणि गावात बोलणे कोकणी होते. मग मराठी कोठून आली? ती बाहेरून कोणी आणून लादली, असे काही मंडळी सांगतात. इतिहास वेगळे सांगतो.

गोव्याच्या जुन्या काबिजादीत पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकापासून देवळे पाडली आणि लोकांच्या भाषेवर बंधने घातली. १६८४ साली तर व्हाइसरॉयने फर्मान काढून तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलायचा हुकूम केला. परंतु फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे हे प्रदेश तेव्हा त्यांच्या ताब्यात नव्हतेच. फोंडा १७६३ साली गेला, डिचोली आणि सत्तरी १७८०च्या सुमारास, तर पेडणे १७८८ साली. ही नवी काबिजाद. तोवर पोर्तुगिजांचा धर्मांतराचा पहिला जोर ओसरला होता. त्यामुळे येथील देवळे राहिली, देवळांतली भजने राहिली, पुराणे आणि कीर्तने राहिली. या सर्वांची भाषा मराठी होती. हिशेबाची आणि पत्रव्यवहाराचीही मराठीच होती. गावोगाव पंतोजींच्या शाळा चालत. घरात ज्या तोंडाने कोकणी बोलायचे त्याच तोंडाने संध्याकाळी ज्ञानोबा-तुकोबांचे अभंग म्हणायचे, हा नव्या काबिजादीतल्या घरांचा रोजचा व्यवहार होता. त्यात कोणाला विसंगती दिसत नव्हती.

या परंपरेतले एक नाव तर आपल्या सीमेवरचेच आहे. संतकवी सोहिरोबानाथ आंबिये १७१४ साली बांद्याला जन्मले. त्यांचे घराणे मूळचे पेडणे तालुक्यातील पालयेचे. तेरेखोल नदीच्या दोन्ही अंगांना ते आपले मानले जातात. त्यांची छोटी छोटी पदे शेकडो वर्षे गोव्यातल्या आणि तळकोकणातल्या भजनी मंडळांच्या ओठांवर आहेत. पेडण्यातल्या विर्नोडा येथील सरकारी महाविद्यालयाला आज त्यांचेच नाव आहे. ज्या मुलाच्या कानांवर अशी पदे रोज पडत होती, त्याला मराठी कविता परकी वाटण्याचे कारणच नव्हते.

धारवाडची वाट

शिक्षणासाठी मात्र बोरकरांना गाव सोडावे लागले. मराठी शिकले, पोर्तुगीजही शिकले; पण मॅट्रिकसाठी त्या काळच्या अनेक गोमंतकीय मुलांप्रमाणे ते घाट चढून ब्रिटिश हद्दीत गेले. १९२८ साली धारवाडहून ते मॅट्रिक झाले. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. पुढच्या शिक्षणाची इच्छा होती, तथापि घरच्या परिस्थितीमुळे ते अर्धवट राहिले आणि ते गोव्यात परतले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर घाटमाथ्यावर जी रेघ पडली, तिच्यामुळे आपण विसरून गेलो की बेळगाव आणि धारवाड ही गोव्याच्या दोन-तीन पिढ्यांची शाळा होती.

परत आल्यावर बोरकर शिक्षक झाले. १९३० पासून सुमारे पंधरा वर्षे त्यांनी गोव्यात शिक्षकी केली. पहिला कवितासंग्रह ‘प्रतिभा’ही १९३० सालचाच. वय अवघे वीस. ‘जीवनसंगीत’ हा दुसरा संग्रह १९३७ साली आला आणि मराठी रसिकांचे लक्ष या गोमंतकीय तरुणाकडे गेले. ग्वाल्हेरचे कविवर्य भा. रा. तांबे यांना ते गुरुस्थानी मानत. तांब्यांची कविता गाता येणारी होती, बोरकरांचीही तशीच झाली. ते आपली कविता नुसती वाचून दाखवत नसत, रंगून गात. ज्यांनी त्यांना ऐकले ते लोक आजही त्या आवाजाविषयी बोलतात.

लहान कवितेची ताकद

बोरकरांनी कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतली ‘भावीण’ प्रसिद्ध आहे. ललितलेख लिहिले, त्यांच्या एका पुस्तकाचे नाव ‘कागदी होड्या’ आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. पाण्याशी खेळणारे मूल त्यांच्यातून कधी गेले नाही. कालिदासाचे मेघदूत मराठीत आणले. महात्मा गांधींवर ‘महात्मायन’ नावाचे प्रदीर्घ काव्य लिहायला घेतले, ते मात्र पुरे झाले नाही. हे सर्व असले तरी सामान्य वाचकाच्या मनात बोरकर राहिले ते त्यांच्या लहान कवितांमुळे. चार-पाच कडव्यांची, एका बैठकीत म्हणून होणारी, एखादेच चित्र दाखवणारी कविता.

ते चित्र बहुधा पाण्याचे, झाडाचे, आभाळाचे असते. पहिला पाऊस पडून गेल्यावरचा ओला डोंगर, नदीवर उतरलेली संध्याकाळ, माडांच्या झावळ्यांतून झिरपणारे चांदणे, साळीच्या शेतावरून येणारा वारा. यात मोठा उपदेश नाही की मोठा प्रसंग नाही. तरी ती कविता वाचून झाल्यावर आपल्याच गावची नदी आपल्याला नव्याने दिसते. शिक्षक म्हणून मला यात एक गोष्ट नेहमी जाणवते. लांब कवितेत कवीला पसारा मांडता येतो, न जमलेली ओळ लपून जाते. लहान कवितेत लपायला जागा नसते. प्रत्येक शब्द उघड्यावर असतो. म्हणून तो शब्द कवीच्या स्वतःच्या जिभेवर वाढलेला लागतो.

बोरकरांचा शब्द तसा होता. पुस्तकी मराठी त्यांना उत्तम येत होती, संस्कृतही येत होते. परंतु नदीचे, झाडापेडांचे, पावसाचे बारकावे त्यांनी बोरीच्या घरात आणि कुळागरात ऐकले ते कोकणीतून. ते कान घेऊन ते मराठीत आले. त्यांच्या मराठीला जो वेगळा गोडवा आहे, पुण्या-मुंबईच्या कवींहून वेगळा नाद आहे, त्याचे मूळ येथे आहे. गोवा न पाहिलेल्या मराठी मुलांना माड-पोफळींचा, आंब्याफणसांचा, नद्यांचा गोवा पहिल्यांदा भेटला तो बोरकरांच्या कवितेतून. पर्यटनाच्या जाहिरातींतला गोवा नंतर आला.

स्वातंत्र्याची हाक

निसर्गाचा कवी म्हटला की तो जगाकडे पाठ फिरवून बसलेला असेल, असा समज होतो. बोरकरांच्या बाबतीत तो खरा नाही. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली आणि गोव्याच्या मुक्तिलढ्याला नवे वळण लागले. बोरकरांनी शिक्षकी सोडली आणि ते मुंबईस जाऊन लढ्यात उतरले. तेथे त्यांनी ‘आमचा गोमंतक’ हे मराठी आणि ‘पोरजेचो आवाज’ हे कोकणी नियतकालिक पाहिले. दोन भाषांत दोन पत्रे, काम एकच.

बायकामुलांचा संसार पाठीशी असताना हक्काची नोकरी सोडणे त्या काळी सोपे नव्हते. शिवाय बोरीची नदी सोडावी लागली, ती कायमची सुटली की काय याचीही खात्री नव्हती. १९४७ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा गोवा पारतंत्र्यातच होता. त्याच वर्षी त्यांचा ‘दूधसागर’ हा संग्रह आला. दूधसागर हा आपल्या सीमेवरचाच धबधबा. त्याचे पाणी खाली येऊन मांडवीला मिळते. गावापासून दूर असलेल्या कवीने पुस्तकाला त्या पाण्याचे नाव द्यावे, यात त्याची ओढ दिसते. १९५० मध्ये ‘आनंदभैरवी’ आणि १९६० मध्ये ‘चित्रवीणा’ हे संग्रह प्रसिद्ध झाले.

१९५५ साली ते आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर रुजू झाले. पुढे १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. माघार घेताना पोर्तुगीज फौजेने डिचोलीचा पूल उडवला, कोलवाळला शापोरा नदीवरचा पूल उडवला, बोरीचाही पूल उडवला. त्या दिवसांत आपल्या घरातली जुनी माणसे होड्यांतून नदी ओलांडत होती. बोरकर गोव्यात परतले ते या मुक्त गोव्यात. पणजी आकाशवाणीवर त्यांनी काम केले आणि १९७० साली निवृत्त झाले. १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पु. ल. देशपांडे हे नाव बेळगावकरांना परके नाही. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात त्यांनी काही काळ शिकवले होते. पु. ल. आणि सुनीताबाई या दोघांनी बोरकरांच्या कवितांचे जाहीर वाचन केले आणि नव्या पिढीला ही कविता पुन्हा ऐकवली. कवितेसाठी माणसे सभागृहे भरतात, हे त्या वाचनांनी दाखवून दिले.

दोन भाषांचा कवी

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. बोरकरांनी कोकणीत लिहिले ते उतारवयात सवड म्हणून नव्हे. १९६० साली, म्हणजे ‘चित्रवीणा’च्याच वर्षी, त्यांचा ‘पांयजणां’ हा कोकणी संग्रह आला. पुढे ‘सासाय’ आला आणि त्याला १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ‘कांचनसंध्या’ हा त्यांचा मराठी संग्रहही निघाला. सत्तरी ओलांडलेला हा कवी दोन्ही हातांनी लिहीत होता. ८ जुलै १९८४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर लगेचच गोव्यात भाषेचे आंदोलन पेटले. १९८५-८६ चे ते दिवस मी शाळकरी वयात पाहिले आहेत. बंद पडलेले रस्ते, घराघरांत पडलेले दोन तट, एकमेकांशी न बोलणारे शेजारी. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा कायदा विधानसभेत संमत झाला. देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीचा वापर शासकीय कामासाठी करता येईल अशी तरतूद झाली. १९९२ साली कोकणी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. मराठीला राजभाषेचा पूर्ण दर्जा मिळावा ही आपली मागणी तेव्हापासूनची आहे. ती न्याय्य आहे असे मी मानतो आणि समितीत म्हणूनच काम करतो.

पण या भांडणात आपण एक चूक केली. ते आपले की त्यांचे, असा हिशेब आपण कवींचाही मांडला. मराठीवाल्यांतल्या अनेकांना बोरकरांचे कोकणी रुचले नाही. तरुणपणी मलाही रुचले नव्हते. आपला माणूस पलीकडे गेला, अशी काहीशी भावना होती. पलीकडच्या मंडळींनीही त्यांची मराठी कविता जणू बाजूला ठेवली. ज्या माणसाने आयुष्यभर दोन्ही भाषांत एकाच नदीचे पाणी भरले, त्याची आपण वाटणी करायला बसलो.

त्यांच्या आयुष्याकडे नीट पाहिले तर वाटणी होतच नाही. कोकणी वगळा, म्हणजे त्यांच्या मराठीतला तो नाद आणि नदीकाठचा तो बारकावा जाईल. मराठी वगळा, म्हणजे अभंगाची आणि तांब्यांच्या गाण्याची शिकवण जाईल, मग कोकणी कविताही तशी उरणार नाही. म्हणून त्या मुलाला माझे उत्तर असे आहे: बोरकरांची तसबीर मराठीच्या बैठकीत हवी, कारण नव्या काबिजादीतल्या मातीत मराठी किती खोल रुजलेली होती याचा त्यांच्याएवढा पुरावा नाही. आणि ती कोकणीच्या बैठकीतही हवी. एका घरात ती लागली म्हणून दुसऱ्या घरातून उतरवण्याचे कारण नाही.

तांबड्या शाईची गोष्ट

येथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी पाचवीच्या मुलांना आपल्या गावच्या पाण्यावर चार ओळी लिहायला सांगितल्या. एका मुलीने लिहिले की पावसात त्यांच्या घरामागचा व्हाळ आजीसारखा बडबडतो. मी तांबड्या शाईने ‘व्हाळ’ खोडला आणि वर ‘ओढा’ लिहिले. शुद्ध मराठी शिकवतो आहे असे मला वाटले. मुलीने वही घेतली आणि पुढे वर्षभर तिने कवितेची एक ओळ लिहिली नाही. तिच्या घरामागे ओढा नव्हताच, व्हाळ होता. मी तिचा व्हाळ काढून घेतला होता.

बोरकर पुन्हा वाचताना ही गोष्ट मला अनेकदा आठवली. बोरीच्या त्या मुलाच्या वहीतले घरचे शब्द कोणी असेच खोडले असते, तर मराठीला केवढे नुकसान झाले असते! आता मी तांबडी शाई शुद्धलेखनापुरतीच वापरतो. मुलांनी नदीला न्हंय म्हटले तरी खोडत नाही. आधी त्याच शब्दाने लिहू देतो आणि मग पुस्तकातला शब्द शेजारी ठेवतो. दोन्ही शब्द वहीत राहतात. मुले जास्त लिहितात, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.

हे सांगण्याचे कारण आहे. पेडणे आणि डिचोलीत सरकारी मराठी प्राथमिक शाळा पटसंख्येअभावी बंद पडत आहेत किंवा एकमेकींत मिसळल्या जात आहेत. आईबाप इंग्रजी शाळेची वाट धरतात. सीमेपलीकडे खानापूर-बेळगावात मराठी शाळांचे दुखणे वेगळे आहे, तरी परिणाम सारखाच. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचा सर्वांना आनंद झाला. पण दर्जा कागदावर मिळतो. भाषा टिकते ती चौथी-पाचवीतल्या मुलाला तिच्यात आपल्या घरामागचे पाणी सांगता आले तर. शाळेतली मराठी घरच्या बोलीची लाज वाटायला लावत असेल, तर ती मुले मराठीत राहणार नाहीत. ती कोकणीतही राहणार नाहीत. ती दोन्ही सोडून जातील.

आपल्या नद्या

आपल्याकडे लिहायला पाण्याची वाण नाही. म्हादई खानापूर तालुक्यात देगावच्या रानात उगम पावते आणि सत्तरी-डिचोलीच्या अंगाने वाहत मांडवी होऊन पणजीला समुद्राला मिळते. तिच्या पाण्यासाठी राज्याराज्यांत तंटा आहे; लवादाने २०१८ साली निवाडा दिला तरी तो मिटलेला नाही. परंतु खानापूरच्या मराठी मुलाने उगमापाशी बसून चार ओळी लिहिल्या आणि डिचोलीच्या मुलाने खाली चार ओळी लिहिल्या, तर त्या एकाच नदीवरच्या असतील. साखळीची वाळवंटी विठ्ठलाच्या देवळाजवळून वाहते. तेरेखोलचे एक तीर सिंधुदुर्गाचे, दुसरे पेडण्याचे. शापोरा दोडामार्गच्या डोंगरांतून तिळारीचे पाणी घेऊन येते.

या नद्या आता बोरकरांच्या वेळच्या राहिलेल्या नाहीत, हेही मुलांना लिहू द्यावे. डिचोलीत खाणींच्या दिवसांत पावसाचे पाणी तांबडे होऊन शेतांत शिरत असे, नदीच्या तळाशी गाळ बसत असे. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा पाणी निवळले, पण घरांतली कमाई गेली. पेडण्यात मोपाच्या पठारावर २०२३ पासून विमाने उतरतात आणि खालच्या झऱ्यांची काळजी गावकऱ्यांना लागली आहे. मुले हे पाहतात. निसर्गकविता म्हणजे केवळ चांदण्यांची आणि फुलांची, असे त्यांना सांगू नये. बोरकरांनी आपल्या डोळ्यांसमोरची नदी लिहिली. या मुलांनी त्यांच्या डोळ्यांसमोरची लिहावी.

तेव्हा माझी सीमाभागातल्या शिक्षकबंधूंना आणि मराठी मंडळांना एक विनंती आहे. भाषा दिनाला भाषणे होतात, ती होऊ द्या. त्याबरोबर मुलांना नदीवर घेऊन जा. भरतीच्या वेळी एकदा आणि ओहोटीच्या वेळी एकदा. तेथे बसून चार ओळी लिहायला सांगा, हवे ते शब्द वापरू द्या, आणि परत आल्यावर बोरकरांची एक लहान कविता मोठ्याने म्हणा. खर्च काही नाही. एक दुपार लागते.

त्या डिचोलीच्या बैठकीतल्या मुलालाही मी हेच सांगणार आहे. तो भेटला तर त्याला बोरकरांची दोन पुस्तके देईन, एक मराठी आणि एक कोकणी. दोन्ही वाचून झाल्यावर तसबीर कोठे लावायची ते त्यानेच ठरवावे.